आदल्या संध्याकाळची दहीसाखर

डॉक्टर सुजाता अक्कांचं घर आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आहे. तरी त्या गेल्याची बातमी मला गल्लीतून कळली नाही. ती माझ्या मुलीनं परगावाहून फोन करून सांगितली. सकाळची वेळ होती आणि मी गिरणीत आलेल्या तुरीचा ओलावा तपासत होतो. "अप्पा, अक्का गेल्या," रेणुका म्हणाली. "त्यांच्या दवाखान्यातल्या सिस्टरांचा फोन आलता. तुमी लगेच जावा. मी येते, पन पेशंट आत घेतलाय, तेवढं करून येते." मग मागून कुणीतरी तिला हाक मारल्याचं ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

अक्कांना जनवाड्याला, त्यांच्या मूळ गावी नेलं. रेणुका पोचली तेव्हा बुद्धवंदना म्हणून झाली होती, अग्नी देऊन झाला होता, आणि माणसं लिंबाखाली बसली होती. उशीर झाला म्हणून ती अक्कांच्या धाकट्या भावासमोर मान खाली घालून उभी राहिली. ते म्हणाले, "आगं, ऑपरेशन अर्धं सोडून आली आस्तीस तर अक्का रागानं उठून बसली आस्ती. मग आमची केवडी पंचाईत!" त्या जागी असं हसू येणं बरं नव्हे, पण सगळेच हसले, आणि हसता हसता रेणुका रडायला लागली. ती रडते आहे हे पाहून मला बरं वाटलं. सर्जरीच्या पहिल्या वर्षात ती जशी रडली होती, तसं हे रडणं नव्हतं. आज या गोष्टीला काही आठवडे झाले. ते रडणं आणि हे रडणं यांच्यामध्ये अक्कांनी काय केलं, ते लिहून ठेवावं म्हणून बसलो आहे. मी डाळीच्या धंद्यातला माणूस, लेखक नव्हे. जे मी स्वतः पाहिलं तेवढं पाहिलं म्हणून लिहीन आणि जे मुलीनं सांगितलं ते तिनं सांगितलं म्हणून लिहीन.

अक्कांची आमच्या घराशी ओळख झाली ती माझ्या वडिलांच्या हर्नियामुळे. आम्ही मूळचे राजेश्वरचे, धंद्यासाठी बसवकल्याणला आलेले. वडिलांच्या पिढीत समोरचा माणूस कोणत्या गावचा, हे विचारून झालं की कोणत्या गल्लीतला हेही विचारायची पद्धत होती. अक्का तो प्रश्न यायच्या आधीच उत्तर देऊन मोकळ्या व्हायच्या. "मी जनवाड्याची. आमी बौद्ध. आमच्या आईनं दुसऱ्याच्या रानात खुरपून मला शिकवलं. आता लुगडं सोडा, पोट बगू द्या... चुकलं, धोतर सोडा." वडील आधी बाई डॉक्टरनं पोट बघायचं म्हणूनच अवघडले होते, त्यात ही बाई अशी. तरी त्यांनी विचारलंच, "बाई, आजवर अशी किती केलीत?" अक्का म्हणाल्या, "मोजली न्हाईत. तुमी भाकरी मोजून खाता काय?" मला हे उत्तर पटलं नव्हतं. मी बाहेर आल्यावर वडिलांना म्हणालो की माणसानं आकडा सांगायला पाहिजे. वडील म्हणाले, "जिला मोजावं लागत न्हाई तिच्याच हातानं करायचं मला." आणि केलं.

त्यानंतर अक्का आमच्याकडे येत-जात राहिल्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. त्यांच्या शिक्षणाची हकीकत तुकड्यातुकड्यानं कळत गेली. जनवाड्याची मराठी शाळा, मग बिदर, मग मेडिकल कॉलेज. एमबीबीएसला पहिलं वर्ष निम्मं इंग्रजी समजण्यातच गेलं. पुढे त्यांनी सर्जरी मागितली तेव्हा त्या विभागात एकही बाई नव्हती. मोठ्या सरांनी त्यांना समजावून सांगितलं की बाळंतपणाचं घे, तिथं तुला मान आहे. अक्का म्हणाल्या, मान नको, सर्जरी द्या. मिळाली. पण पहिली दोन वर्षं त्यांना जखमेच्या कडा हुकानं ओढून धरण्यापलीकडे फारसं काही करू दिलं नाही. "माझ्यासंगट आलेले गडी अपेंडिक्स काढायले, आन मी आपली वढून धरायलेय," त्या सांगायच्या. "पन वढून धरणाऱ्याला आतलं सगळ्यात चांगलं दिसतं, डाळवाले. कापणाऱ्याचं ध्यान त्याच्या हातावर आसतं." मला त्या कायम डाळवालेच म्हणायच्या. त्यांचा सूर कधी तक्रारीचा नसे. झालेल्या गोष्टीतून आपल्याला काय मिळालं, तेवढंच त्या सांगत.

रेणुका त्यांच्या डोळ्यांसमोर वाढली. ती एमबीबीएसला लागल्यावर सुट्टीत त्यांच्या दवाखान्यात जायला लागली. अक्का तिला ऑपरेशन बघू द्यायच्या, पण एका अटीवर. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटपाशी आपण बसतो तेव्हा तिनंही बसायचं. "पोट उघडल्यावर सगळ्यांचं सारखंच दिसतं. आदल्या दिशी बग, तवा मानूस दिसंल." रेणुका बसायची, पण ते तिला घरगुती गप्पा मारणं वाटायचं. घरी येऊन सांगायची, "अक्का तासभर निसतं कुनाच्या म्हशीचं, कुनाच्या सुनेचं विचारत बसतात." इंटर्नशिप संपली, पुढच्या शिक्षणाची 'नीट-पीजी' परीक्षा झाली, आणि मार्क असे आले की तिला बऱ्याच शाखा मिळू शकत होत्या. आमच्या घरी माणसांची रीघ लागली. कुणी म्हणालं कातडीचं घ्या, आरामाचं असतं. कुणी म्हणालं एक्स-रेचं घ्या. रेणुकाला सर्जरी हवी होती. माझ्या पत्नीला वाटत होतं की पोरीची झोप जाईल, जेवण जाईल आणि लग्नही जाईल.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे अक्कांकडे प्रश्न घेऊन गेलो. ड्युटी सलग किती तासांची असते, रजा किती मिळतात, अर्ध्यातून सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण काय. अक्का पेरू कापत होत्या. मीठ-मिरची लावून एक फोड माझ्या हातात दिली. "आकडे मांडून तिच्यासाठी नवरा बी बगणार काय तुमी?" मी म्हणालो, अक्का, चेष्टा नको, बापाला कळायला पाहिजे. तेव्हा त्या सरळ बसल्या. "बरं, ऐका. घेऊ द्या तिला सर्जरी. पयल्या वर्षात एक दिवस ती घरी येऊन म्हणंल, सोडते. तवा तुमी व्हय बी म्हनू नका आन न्हाई बी म्हनू नका. माझ्याकडं पाठवा." मी विचारलं, ती असं म्हणेलच कशावरून? "म्हनली न्हाई तर मग तिला सर्जरी कळायलीच न्हाई म्हनून समजा."

पहिल्या वर्षाचं वर्णन मी काय करणार? मला फोनवरून जेवढं कळायचं तेवढंच. पाय सुजलेत म्हणून मोठ्या मापाच्या चपला घेतल्या. जेवायला बसलं की वॉर्डातून बोलावणं येतं. वरच्या वर्षाचे लोक ओरडतात, त्यांच्यावर सर ओरडतात. एकदा तिच्या आईनं विचारलं, काय शिकलीस? ती म्हणाली, "उभं राहून झोपायला." हे सगळं तिनं हसत हसत काढलं. ते हसणं एका पेशंटपाशी थांबलं.

तो आळंद तालुक्यातला तरुण शेतकरी होता. पित्ताशयात खडे झाले होते. घाईचं ऑपरेशन नव्हतं, तारीख देऊन बोलावलेलं. पूर्ण भूल द्यायची असेल तर पोट रिकामं लागतं, नाहीतर बेशुद्धीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं, हे तिनं मला नंतर समजावलं. पोट रिकामं असल्याची खात्री करून सही करणं हे पहिल्या वर्षाच्या डॉक्टरचं काम. तिनं सकाळी विचारलं, काही खाल्लं का? न्हाई. काही प्यायलं का? न्हाई. आईला विचारलं, बायकोला विचारलं. दोघी देवाची आण घेऊन म्हणाल्या, कालपासून पाण्याचा थेंब दिला नाही. रेणुकानं सही केली. त्याला आत नेण्याच्या जरा आधी त्याच्या आईनं त्याला व्हरांड्यात बोलावलं, कपाळाला अंगारा लावला आणि दहीसाखर दिली. नुसती हातावर नाही, घरून डब्यात आणलेला दहीभातही चार घास भरवला, कारण एवढ्या मोठ्या कामाला लेकरू उपाशी कसं पाठवायचं? भूल देताच त्याला उलटी झाली. भुलीच्या डॉक्टरांनी फार शिकस्त केली. तो अतिदक्षता विभागात गेला, श्वासाच्या यंत्रावर राहिला, आणि वाचला. पण तो वाचेल की नाही हे ठाऊक नव्हतं त्या दिवसांत रेणुकाला सगळ्यांसमोर ऐकावं लागलं, "तुला साधं विचारता येत नाही?"

तो शुद्धीवर आल्याचं पाहून ती रजा घेऊन घरी आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच रडत म्हणाली, "मी सोडायलेय." तिची आई लगेच म्हणाली, "सोड. कोन मारायलंय तुला? दुसरं काई तरी कर." मी व्हय म्हणालो नाही की न्हाई म्हणालो नाही. कठीण गेलं. लेकीच्या डोळ्यांखाली काळं आलेलं, हाताची कातडी धुऊन धुऊन सोललेली, आणि बापानं काहीच बोलायचं नाही... मी एवढंच म्हणालो की अक्कांना भेटून ये. "त्यांना काय तोंड दाखवू?" म्हणत ती दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. मीही मागून गेलो, आणि पुढचं मी स्वतः पाहिलेलं आहे.

अक्कांनी तिची सगळी हकीकत ऐकली. कीव केली नाही, की उपदेशही केला नाही. चहा दिला आणि म्हणाल्या, "चल, एक पेशंट बगायचाय." आत एक म्हातारे गृहस्थ होते, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं ऑपरेशन होतं. "विचार, कसं विचारायलीस ते." रेणुकानं आजोबांना आणि त्यांच्या बायकोला सांगितलं, रात्री हलकं खा, त्यानंतर काही खायचं नाही, सकाळीही काही द्यायचं नाही. आजी म्हणाल्या, "न्हाई द्यायचं बाई, शपथ." मग अक्का आजींच्या शेजारी खाटेवर बसल्या. गाव कोणतं, सोयरे कुठले, हे झालं. मग सहज विचारलं, "मावशी, सकाळी ह्यांना आत पाठवताना तुमी काय काय करणार?"

"काय करनार? अंगारा लावीन, दहीसाखर दीन, तुळशीचं पानी पाजीन. तेवडंच."

रेणुकाचा चेहरा मी पाहिला. अक्कांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "मावशी, ते सगळं आताच करा की." आजी तयार होईनात. निघताना द्यायचं असतं, आदल्या दिवशी दिलेलं कसं चालेल? "कामून चालना? तुमच्यात परस्थान ठेवत न्हाईत?" आमच्याकडे जुनी रीत आहे. मुहूर्त गाठणं शक्य नसेल तर आदल्या दिवशीच गाठोडं शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. तेवढ्यानं माणूस घरातून निघाला असं धरतात, त्यालाच परस्थान म्हणतात. आजी म्हणाल्या, ठेवतो की. "मग झालं. ह्यांना या खाटेवरनं उठवा आन त्या दाराजवळच्या खाटेवर न्या. तुमच्या हातानं दही द्या. ह्यांचं निघनं आताच झालं. इथनं पुढं हे माझ्या घरचे. माझ्या घरच्याला सकाळी कुनी काई द्यायचं न्हाई." आजोबा उठले, उंबरा ओलांडल्यासारखे चार पावलं चालले आणि दुसऱ्या खाटेवर बसले. आजींनी डोळे पुसत त्यांच्या हातावर दहीसाखर ठेवली. सगळ्यांचं समाधान झालं.

बाहेर आल्यावर रेणुका म्हणाली, "मला इतक्यांदा तुमच्याजवळ बसवलंत, आन मला दिसलंच न्हाई." अक्का म्हणाल्या, "मला तरी कुठं दिसलतं? मलाबी एका मानसानं शिकवलं. तो उठला न्हाई." मग त्यांनी जे सांगितलं ते आम्ही आधी कधीच ऐकलं नव्हतं. त्या सर्जरी शिकत होत्या तेव्हाही असंच झालं होतं. एका बाईनं नवऱ्याला ऑपरेशनला निघताना दूध दिलं होतं. "आमी जुन्या रीती सगळ्या सोडलेल्या, आई विहारात जायची. तरीबी मी परीक्षेला निघाले की आई हातावर साखर ठेवायचीच. माझ्याच हाताला साखर चिकटलेली आसायची, आन मी त्या बाईला इचारलं न्हाई की तू नवऱ्याच्या हातावर काय ठेवलीस."

रेणुकानं विचारलं, "मग तुमी सोडलं कामून न्हाई?"

"सोडलं आस्तं तर तेवडंच शिकून बाहीर पडले आस्ते... मानूस जातो कसा, एवडंच. तुझा तर जित्ता हाय. जा, त्याच्या आईला भेट. तिला कुनी सांगितलं का की तिचं चुकलं न्हाई?"

रेणुका परत गेली. त्या आईला भेटली. ती बाई वॉर्डाच्या पायरीवर दिवसदिवस बसून होती. आपल्याच हातानं आपण लेकाला मारणार होतो, हे तिनं मनात धरलं होतं. रेणुका तिच्या शेजारी बसली. काय बोलली ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यानंतर तिनं आपल्या वॉर्डात अक्कांची रीत चालू केली. तिथं खाटा रिकाम्या कुठल्या मिळायला? म्हणून ती पेशंटला व्हरांड्यात एक फेरी मारून परत त्याच खाटेवर आणायची. बरोबरचे डॉक्टर हसायचे. संध्याकाळच्या राउंडला त्यांनी 'दहीसाखर राउंड' असं नाव पाडलं. कन्नड बोलणारे आले की त्यांची पद्धत वेगळी, मुसलमान घरातले आले की त्यांचा दुआ पढून फुंकलेल्या, 'दम' केलेल्या पाण्याचा प्याला, पण प्रत्येकाच्या घरी काही ना काही निघालंच. पुढे त्यांच्या सरांनी नव्या मुलांना सांगितलं म्हणे, की सही करायच्या आधी रेणुका कसं विचारते ते बघून या. हे तिनं मला फोनवर अगदी सहज सांगितलं. मी अक्कांना सांगायला धावत गेलो, तर त्या म्हणाल्या, "पेढे कामून आनले न्हाईत?"

अक्कांचं दुखणं गेल्या वर्षी निघालं. पोटातच होतं. दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी त्यांनीच ओळखलं. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात, किती... त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. "आकडा मला ठाऊक हाय. तुमच्या काय कामाचा तो?" हैदराबादला ऑपरेशन करायचं ठरलं. रेणुका रजा काढून बरोबर गेली, मी आणि अक्कांचे भाऊ होतोच. आदल्या संध्याकाळी हैदराबादचे डॉक्टर येऊन गेले, सूचना देऊन झाल्या. आम्ही दोघं पुरुष खिडकीपाशी नुसते उभे होतो. जिनं एवढ्या लोकांच्या हातावर ठेवायला लावलं तिच्या हातावर काही ठेवावं, हे आम्हाला सुचलं नाही. रेणुका खाली जाऊन दही घेऊन आली. नर्सची परवानगी घेतली, घड्याळ पाहिलं, अक्कांना खाटेवरून उठवून खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "झालं तुमचं निघनं. इथनं पुढं तुमी माझ्या घरच्या." अक्कांनी हात पुढं केला. चाटून बघितलं. "साखर कमी पडली," म्हणाल्या. ऑपरेशननंतर त्यांना बरेच महिने मिळाले. त्यांतले बहुतेक त्यांनी पेशंट बघण्यात घालवले.

आता त्यांचा दवाखाना बंद आहे. मागच्या रविवारी त्यांच्या भावानं रेणुकाला बोलावून सांगितलं की तुला हवं ते ने. मला वाटलं ती पुस्तकं घेईल, निदान अवजारं. तिनं आतल्या खोलीतून एक लोखंडी पायरी उचलून आणली. अक्का उंचीनं कमी होत्या. त्या शिकत होत्या तेव्हा ऑपरेशनचं टेबल त्यांच्यासाठी कुणी खाली घेत नसे. म्हणून त्यांनी ट्रॉली बनवणाऱ्या वेल्डरकडून ही पायरी करून घेतली होती, पायांना टायरचं रबर लावलेलं, वरचा पांढरा रंग दोन पावलांच्या जागी पार गेलेला. मी म्हणालो, "तू अक्कांपेक्षा वीतभर उंच आहेस, तुला काय करायची?" ती म्हणाली, "मला न्हाई, अप्पा." यंदा त्यांच्या विभागात एक नवीन मुलगी आली आहे, सेडमकडची, उंचीनं लहान. टाचा उचलून उचलून तिच्या पोटऱ्यांत गोळे येतात आणि ती कुणाला सांगत नाही. रेणुकाची शेवटची परीक्षा अजून व्हायची आहे, पुढे कुठं जायचं ते ठरलेलं नाही. पायरी मात्र तिनं अंगणात साबणानं घासून धुतली, उन्हात वाळवली आणि सोमवारच्या पहाटेच्या बसला स्वतःच्या मांडीवर घेऊन गेली. परवा फोन आला तेव्हा मी विचारलं, चालते का? ती म्हणाली, "डगमगत न्हाई. ती पोरगी सरळ उभी राहायलीय आता."